डायलिसिसच्या रिपोर्टमध्ये नसलेले दोन प्रश्न

डायलिसिसवर असलेल्या कोणत्याही तरुणाचा महिन्याचा रिपोर्ट उघडून पाहा. डायलिसिसच्या आधीचा आणि नंतरचा युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन. शिवाय ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावर उरायला हवे ते वजन), दोन डायलिसिसच्या मध्ये वाढलेले वजन, बीपी. युरिया किमान 65 टक्क्यांनी उतरला की डायलिसिस पुरेसे झाले, असे धरले जाते. एवढ्या आकड्यांत दोन साधे प्रश्न कुठेच नसतात: याचे पाय किती चालतात, आणि याचे डोके किती चालते. मराठीत दोन्हींना क्रियापद एकच आहे. डायलिसिसपुरता तरी हा केवळ भाषेचा योगायोग नसावा, असे मानायला आता बऱ्यापैकी आधार सापडतो. तो आधार कच्चा आहे, त्यात भोके आहेत. ती पुढे सांगूच. पण आहे तेवढ्यावरही डायलिसिस युनिटचे कामकाज बदलायला हवे, असे आमचे मत आहे.

म्हणणे नेमके असे. साधारण 18 ते 40 वयाच्या रुग्णाच्या प्रिस्क्रिप्शनवर रक्त गाळणारा डायलायझर कोणता, रक्ताचा वेग किती, पाणी किती काढायचे हे जसे लिहिले जाते, तशीच हालचाल कोणती, किती मिनिटे आणि कधी हेही लिहावे. ‘जमेल तसे फिरत जा’ हा सल्ला झाला, त्याला प्रिस्क्रिप्शन म्हणत नाहीत. आणि डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत एकदा, मग वर्षातून एकदा, लक्ष, वेग आणि स्मरण यांची वीसेक मिनिटांची चाचणी व्हावी. दोन्हींची जबाबदारी युनिटने घ्यावी. रुग्णाच्या इच्छाशक्तीवर ती ढकलू नये.

डोक्याचे काय बिघडते याबद्दल बहुतेकांची कल्पना चुकीची असते. नावे विसरणे, रस्ता चुकणे असला प्रकार सहसा नसतो. स्मरणशक्ती त्या मानाने शाबूत राहते. मार बसतो तो विचाराच्या वेगाला, आणि एखादे काम आखून, मधले अडथळे सांभाळत तडीस नेण्याच्या क्षमतेला. वाचलेला परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो. दोन सूचना एकदम मिळाल्या की दुसरी निसटते. हिशेब येतो, पण पूर्वी दोन मिनिटांत व्हायचा तिथे सहा लागतात. बोलणे व्यवस्थित असल्यामुळे समोरच्याला यातले काहीच जाणवत नाही. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 55 वर्षांवरील 338 हिमोडायलिसिस (यंत्राने रक्त गाळण्याचे डायलिसिस) रुग्णांची रीतसर चाचणी घेतली होती. जेमतेम 13 टक्के जणांची आकलनक्षमता ठीक निघाली. 37 टक्क्यांची तीव्र बिघडलेली होती. त्यांच्या केसपेपरवर तशी नोंद किती जणांच्या होती? तीन टक्क्यांहून कमी. हे रुग्ण वयस्क होते, त्यामुळे पहिले दोन आकडे पंचविशीतल्या मुलाला लावता येणार नाहीत. तिसरा आकडा मात्र रुग्णाच्या वयाचा नाही. तो पाहणाऱ्याच्या सवयीचा आहे, आणि ती सवय तरुणांच्या बाबतीत याहून वाईट असण्याचीच शक्यता जास्त. तरुण माणसाच्या डोक्याची चाचणी घ्यावी हे सुचतेच कुणाला?

कारणे एकात एक गुंतलेली आहेत. निरोगी मूत्रपिंड आठवड्याचे 168 तास काम करते. हिमोडायलिसिस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, म्हणजे 12 तास. इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट यांच्यासारखी प्रथिनांना चिकटून राहणारी विषद्रव्ये तर या 12 तासांतही नीट निघत नाहीत. त्यात रक्तक्षय, मोडलेली झोप, नैराश्य. आणि गोळ्या. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिलेले गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबालिन मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. मूत्रपिंड बंद असताना नेहमीचा डोस दिला तर ते साठत जाते आणि माणूस दिवसभर गुंगीत राहतो. स्नायू सैल करणारे बॅक्लोफेन याहून घातक. खाज थांबवायला दिलेली जुन्या पिढीची अँटिहिस्टामिन गोळीही डोके जड करते. ‘हल्ली याचे लक्षच नसते’ अशी तक्रार आली की पहिल्यांदा गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतावी. निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळेल, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

यापलीकडचे कारण खुद्द डायलिसिसमध्ये आहे. 60 किलोच्या माणसाचे चार तासांत तीन लिटर पाणी काढायचे, तर किलोमागे ताशी साडेबारा मिलिलिटर वेगाने काढावे लागते. हा वेग 13च्या पुढे गेला की हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, असे मोठ्या निरीक्षणांत दिसले आहे. चार लिटर वाढवून आलेल्या त्याच माणसाचा वेग सोळा-सतरावर जातो. पाणी झरझर ओढले की बीपी पडते, आणि बीपी पडले की मेंदूला जाणारे रक्तही घटते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 58 रुग्णांच्या कपाळावर सेन्सर लावून सहाशेहून अधिक डायलिसिस तपासली गेली. जवळपास दर चौथ्या वेळी मेंदूला रक्त कमी पडल्याचा प्रसंग नोंदला गेला, आणि त्यातल्या बहुतेक प्रसंगांत रुग्णाला काहीही जाणवले नव्हते. ना चक्कर, ना मळमळ. वर्षाला 156 डायलिसिस; विशीत सुरुवात झालेल्या माणसाला अशी किती वर्षे काढायची असतात, याचा गुणाकार ज्याचा त्याने करावा.

वयाचा मुद्दा इथे येतो. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे आखणी, संयम आणि निर्णय यांचा कारभार पाहणारा भाग, साधारण पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. डायलिसिसने ज्या क्षमतेला सर्वांत आधी धक्का बसतो, तीच क्षमता अजून घडत असते. लहानपणापासून मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्या मुलांचा बुद्ध्यांक इतर मुलांच्या तुलनेत सरासरी दहाएक गुणांनी कमी भरतो, असे अनेक अभ्यास एकत्र करून 2018 मध्ये मांडले गेले. यातला किती वाटा आजाराचा, किती बुडालेल्या शाळेचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. पण ही मुले वीस वर्षांची होऊन मोठ्यांच्या डायलिसिस युनिटमध्ये येतात तेव्हा त्यांच्या हातात गोळ्यांची यादी, पाण्याचा हिशेब, फॉस्फरसचे पथ्य, फिस्टुलाची (सुया टोचण्यासाठी हातातली शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेची) काळजी आणि पुढच्या तारखा एकदम पडतात. म्हणजे दुबळी झालेली नेमकी तीच क्षमता पणाला लागते. गोळी चुकली, वजन चार किलो वाढले, की केसपेपरवर शेरा पडतो: ‘सूचना पाळत नाही’. कधी हा बेफिकीरपणा असतोही. पण चाचणी न घेता तो शेरा मारणे म्हणजे चष्म्याचा नंबर न काढता मुलाला ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणण्यासारखे आहे. आणि प्रत्यारोपणासाठी विचार होतो तेव्हा तोच शेरा त्याच्या आडवा येतो.

डायलिसिसशास्त्राने मेंदूकडे कधीच पाहिले नाही, असे मात्र नाही. 1970च्या दशकात काही केंद्रांतल्या रुग्णांची वाचा अडखळू लागली, हातपाय झटके देऊ लागले, बुद्धी झपाट्याने ढासळून अनेकांचा महिन्यांत मृत्यू झाला. 1976 मध्ये अमेरिकेतील संशोधक अल्फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत ॲल्युमिनियम साठल्याचे दाखवून दिले. ते डायलिसिसच्या पाण्यातून आणि फॉस्फरस बांधायला दिल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या गोळ्यांतून येत होते. पाणी आरओने शुद्ध होऊ लागले, गोळ्या बदलल्या, आजार जवळपास दिसेनासा झाला. आजही पाण्याच्या शुद्धतेची तपासणी युनिटच्या नेमाचा भाग आहे. त्या वेळी कुणी रुग्णाला ‘जरा सांभाळून राहा’ असे सांगून हात झटकले नाहीत. युनिटने आपली प्रक्रिया बदलली. आजचे नुकसान हळू, मूक आणि बहुकारणी आहे, म्हणून ते रुग्णाच्या गळ्यात घातले जाते, एवढाच फरक.

मग हालचालच का? कारण बाकीचे उपाय एकेका कारणाला हात घालतात, आणि हालचाल एकाच वेळी अनेकांना. बीपी आणि झोप सुधारणे, नैराश्य हलके होणे, स्नायू टिकणे, रक्तवाहिन्या लवचिक राहणे, शिवाय मेंदूतल्या पेशींच्या वाढीला मदत करणारी द्रव्ये वाढणे. मूत्रपिंड ठीक असलेल्या वृद्धांवरच्या एका अभ्यासात, जो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, वर्षभर नेमाने चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणाशी संबंधित भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. चालण्याऐवजी स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा तो घटला. डायलिसिसवर असलेल्यांना हे जसेच्या तसे लागू होते, असा दावा आम्ही करणार नाही. त्यांच्यावरचा पुरावा वेगळा बघावा लागतो.

तो असा. इटलीत 296 डायलिसिस रुग्णांवर झालेल्या एक्साइट चाचणीत, जिचे निष्कर्ष 2017 मध्ये आले, निम्म्या रुग्णांना घरीच, मेट्रोनोमच्या ठेक्यावर, दहा-दहा मिनिटांचे हलके चालणे दिले होते. सहा महिन्यांनी ते सहा मिनिटांत 328 ऐवजी 367 मीटर चालू लागले. जीवनमानाच्या प्रश्नावलीतले आकलनक्षमतेचे गुणही तुलनेच्या गटापेक्षा सरस निघाले. पण ती रुग्णाने स्वतः भरलेली प्रश्नावली होती, मेंदूची चाचणी नव्हे. अमेरिकेत 2018 मध्ये वीस रुग्णांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला: काहींना डायलिसिस चालू असताना पेडल (बसल्या जागी पायांनी फिरवायचे सायकलसारखे साधन), काहींना टॅबलेटवर बुद्धीचे खेळ, काहींना नेहमीचेच. तीन महिन्यांत नेहमीच्या गटाचा वेग घसरला, बाकी दोघांचा टिकला. वीस माणसांवर मोठा इमला बांधता येत नाही. जर्मनीत 1,211 रुग्णांवरची चाचणी 2023 मध्ये आली. वर्षभर डायलिसिसदरम्यान व्यायाम करणारे लोक एका मिनिटात खुर्चीतून 16 वेळा उठत-बसत होते ते 19 वेळांवर गेले. व्यायाम न करणारे 16वरून पंधराच्याही खाली आले. शरीराला फायदा होतो, याबद्दल आता वाद राहिलेला नाही. डोक्याला होतो याची खूण आहे, शिक्का अजून नाही. आणि या बहुतेक अभ्यासांतले सरासरी वय साठीच्या आसपास. तरुणांवरचा मोठा प्रयोग नाहीच, हे मान्य करायला हवे. चालणारे लोक मुळातच कमी आजारी असतात म्हणून त्यांचे डोके बरे दिसते, हा आक्षेपही निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासांच्या बाबतीत खरा आहे.

तरी आम्ही थांबा म्हणत नाही, कारण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे लागते. डायलिसिस वाढवून डोके सुधारते का? अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत आठवड्याला सहा वेळा डायलिसिस देऊन पाहिले. आखणी आणि एकाग्रतेच्या चाचणीत फरक पडला नाही. डायलिसिसचे द्रावण शरीराच्या तापमानापेक्षा अर्धा अंश थंड ठेवले तर मेंदूतील पांढऱ्या भागाची हानी टळते, असे एका लहान प्रयोगात दिसले, म्हणून ते करून पाहण्यासारखे आहे. पण कॅनडात पंधरा हजारांहून अधिक रुग्णांवर थंड द्रावण वापरले तेव्हा मृत्यू आणि हृदयविकारात घट दिसली नाही, आणि अनेकांना हुडहुडी भरली. प्रत्यारोपणाने डोके बऱ्याच अंशी सुधारते, यात शंका नाही. पण ते होईपर्यंतची वर्षे कुणी मोजायची? शिवाय शस्त्रक्रियेला सामोरे जायचे तर अंगात स्नायू असलेले बरे. उरतो आराम. आणि आरामाचा दुष्परिणाम मात्र निर्विवाद आहे: डायलिसिसवर असलेल्यांची दम टिकवण्याची क्षमता समवयस्कांच्या साधारण निम्म्यावर आलेली असते, आणि अंथरूण ती आणखी खाली नेते. घरच्यांचे प्रेम इथे उलटे पडते. आई पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नाही, आणि बावीस वर्षांचा मुलगा तीन मजले चढताना थांबू लागतो.

आता प्रत्यक्षात कसे करायचे. लक्ष्य आठवड्याला 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, जी मूत्रपिंडाच्या आजारासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही आहे. हिशेब सोपा: डायलिसिसच्या तीन दिवशी यंत्रावर असताना 30 मिनिटे पेडल, म्हणजे 90, मधल्या तीन दिवशी 20 मिनिटे झपझप चालणे, म्हणजे 60. सातवा दिवस मोकळा. पेडल खुर्चीसमोर किंवा पलंगाच्या पायथ्याशी घट्ट बसवायचे. सैल राहिले तर ते पुढे सरकते, माणूस त्याच्यामागे घसरतो आणि सुईचा हात ओढला जातो. फिस्टुलाचा हात उशीवर स्थिर, टेप पक्की, सुई उघडी दिसेल अशी. पांघरुणाखाली हात झाकून पेडल मारायचे नाही. वेळ पहिल्या दोन तासांतली. त्यानंतर बरेच पाणी निघालेले असते आणि बीपी पडण्याची शक्यता वाढते.

पहिल्या दिवशी पाच मिनिटे, जवळपास शून्य जोरावर. मग दर वेळी दोन मिनिटे वाढवत गेले की चार-पाच आठवड्यांत अर्धा तास होतो. तोवर जोर वाढवायचा नाही. मिनिटे आधी, जोर नंतर. श्रम मोजायला नाडी वापरू नये, कारण नाडीचा वेग रोखणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी चढतच नाही आणि माणूस उगाच ताण वाढवत बसतो. श्रम किती वाटतात ते रुग्णानेच सांगायच्या बोर्गच्या 6 ते 20 या मापावर 11 ते 13, म्हणजे ‘हलके’ आणि ‘जरा अवघड’ यांच्यामधले. सोप्या भाषेत, बोलता येते पण गाता येत नाही. सुरुवातीला, मध्ये आणि संपल्यावर बीपी बघायचे. वरचे बीपी 180च्या पुढे किंवा 100च्या खाली असेल, ताप असेल, छातीत दुखत असेल, आधीचे डायलिसिस चुकलेले असेल, मांडीत कॅथेटर (डायलिसिससाठी शिरेत घातलेली नळी) असेल, तर त्या दिवशी पेडल नाही. मानेतले कॅथेटर नीट बांधलेले असेल तर पाय चालवायला आडकाठी नसते.

एक इशारा आठवड्यातल्या लांब सुट्टीबद्दल. दोन दिवसांच्या खंडानंतर पोटॅशियम आणि पाणी दोन्ही सर्वांत जास्त चढलेले असते, आणि जोराच्या व्यायामात स्नायूही रक्तात पोटॅशियम सोडतात. म्हणून त्या सकाळी, डायलिसिसच्या आधी, धावणे किंवा जड वजने नकोत. त्याच दिवशी यंत्रावर बसल्यावर पेडल चालेल.

‘फिस्टुलाच्या हाताने काही उचलायचे नाही’ हे वाक्य तरुणांनी इतक्यांदा ऐकलेले असते की तो हात दुसऱ्यापेक्षा बारीक झालेला दिसतो. शस्त्रक्रियेची जखम भरेपर्यंत जपणे ठीक. पण मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम फिस्टुला तयार व्हायला उलट मदतच करतो. फिस्टुला तयार होऊन नीट चालू लागल्यावर, सर्जनला विचारून, हलक्या वजनापासून चढत जाता येते. धोका वजनाइतकाच दाबाचा असतो: हातावर अडकवलेला पिशवीचा पट्टा, घट्ट बाही, हात उशाखाली घेऊन झोपणे, अंगावर धडकण्याचे खेळ. सुया काढल्यावर त्या दिवशी मात्र त्या हाताला जोर नाही.

पोटाच्या डायलिसिसवर असलेल्यांची अडचण निराळी. दोन लिटर द्रावण पोटात असताना धावले किंवा पोटाचे व्यायाम केले तर दाब वाढतो, हर्निया होतो, नळीच्या बाजूने गळती सुरू होते. पोट रिकामे करून व्यायाम करावा. नळी बसवल्यावर पहिले काही आठवडे फक्त चालावे. श्वास रोखून वजन उचलू नये. रात्री यंत्राने डायलिसिस करणाऱ्यांपैकी ज्यांचे पोट दिवसा रिकामे असते, त्यांना हे सर्वांत सोपे जाते. नोकरी किंवा कॉलेज करणाऱ्या तरुणासाठी पद्धत निवडताना हा मुद्दा बोलण्यात यायला हवा, आणि तो सहसा येत नाही.

ताकदीसाठी आठवड्यातून दोन दिवस पुरेत. खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, दोन फेऱ्या, टाचा उचलणे, रबरी पट्ट्याने पाय ताणणे. स्नायू हवेत तर खाण्यात प्रथिनेही हवीत. डायलिसिसवर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम लागतात, शिवाय प्रत्येक डायलिसिसमध्ये सहा-आठ ग्रॅम अमिनो आम्ले वाहून जातात. डायलिसिसपूर्वीच्या दिवसांतले ‘प्रथिने कमी’ हे पथ्य तसेच चालू ठेवणारे रुग्ण पुष्कळ असतात. त्यांनी कितीही पेडल मारले तरी मांडी भरत नाही.

आणि जो बिघाड युनिटला हमखास चकवतो तो ड्राय वेटचा. तीन-चार महिने नेमाने व्यायाम केला की स्नायू वाढतात, भूक सुधारते, खरे वजन दीड-दोन किलोने वर जाते. कागदावर ड्राय वेट मात्र जुनेच. मग यंत्र तो वाढलेला स्नायू पाणी समजून तितके जास्त पाणी ओढते: पायात गोळे येतात, बीपी पडते, आणि घरी जाऊन माणूस आडवा होतो. दोष व्यायामावर येतो, व्यायाम बंद होतो. ज्याचे प्रिस्क्रिप्शन हालचालीचे आहे त्याचे ड्राय वेट दर महिन्याला नव्याने ठरवावे, एवढे पाळले तरी व्यायाम सोडणाऱ्यांची बरीच गळती थांबेल. उलट बाजूही तितकीच खरी. आजारपणात स्नायू झडले आणि ड्राय वेट तेच राहिले तर त्या जागी पाणी साठते, ते दिसत नाही.

पेडल आणले म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांसाठी ब्रिटनमधली पेडल नावाचीच चाचणी वाचनीय आहे. तीनशेहून अधिक रुग्ण, सहा महिने, डायलिसिसदरम्यान सायकल. जीवनमानात ठोस म्हणता येईल असा फरक दिसला नाही. ठरलेल्या व्यायामापैकी बराचसा झालाच नव्हता. जर्मनीतल्या चाचणीत व्यायाम शिकवणारा माणूस युनिटमध्ये हजर होता आणि व्यायाम रोजच्या कामाचा भाग होता. फरक बहुधा तिथेच पडला. सिस्टर आणि टेक्निशियन यांच्यावर हे काम लादले तर पहिला अलार्म वाजताच पेडल कोपऱ्यात जाणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. हिशेब मांडून बघा: दोन तासांची खिडकी, माणशी 30 मिनिटे, पुसून निर्जंतुक करून पुढच्याकडे न्यायला दहा. म्हणजे एका पेडलवर एका शिफ्टमध्ये तीन रुग्ण. दहा खुर्च्यांच्या युनिटमध्ये एकच पेडल ठेवणे ही शोभा झाली. तीन पेडल आणि एक फिजिओथेरपिस्ट, तोही शिफ्टच्या पहिल्या दोन तासांपुरता, इतके असले तर सुरुवात होते.

शिफ्टच्या वेळेचाही यात हात आहे. आंतरराष्ट्रीय पाहणीत, 2014 मध्ये, सुमारे 27 टक्के रुग्णांनी डायलिसिसनंतर सावरायला सहा तासांहून जास्त लागतात असे सांगितले. दुपारच्या शिफ्टला बसणाऱ्याचा दिवस सकाळी जाण्याच्या तयारीत आणि रात्री सावरण्यात संपतो. चालायला वेळ उरतच नाही. शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या तरुणांना संध्याकाळची वा रात्रीची शिफ्ट आधी मिळावी, हा नियम करायला यंत्र लागत नाही, वेळापत्रक लागते.

चाचणीबद्दल थोडे, कारण ती चुकीच्या वेळी घेतली तर आकडा खोटा येतो. डायलिसिस चालू असताना डोके सर्वांत मंद असते. त्यापूर्वी किंवा मधल्या दिवशी त्या मानाने तल्लख. म्हणून खुर्चीत बसवून, अलार्मच्या गोंगाटात चाचणी घेऊ नये. मोका ही आकलनक्षमतेची 30 गुणांची चाचणी बऱ्याच ठिकाणी वापरली जाते, आणि हिमोडायलिसिस रुग्णांत 24च्या आसपासची मर्यादा सुचवली गेली आहे. पण शिकलेल्या तरुणाला 27 मिळूनही त्याचा वेग अर्धा झालेला असू शकतो. त्याच्यासाठी घड्याळ लावून घेण्याची चाचणी हवी, आकडे-अक्षरे क्रमाने जोडण्याची किंवा खुणा भरण्याची. दर वर्षी त्याच वारी, त्याच वेळी, आणि शक्यतो वेगळ्या नमुन्याची. नाहीतर उत्तरे पाठ होतात आणि सुधारणा झाल्यासारखे दिसते. गुण कमी आले तर लगेच निदान चिकटवू नये. आधी हिमोग्लोबिन, झोप, नैराश्य आणि ती गोळ्यांची पिशवी.

आणि चाचणीपूर्वीच, उद्यापासून, विनाखर्च बदलता येण्यासारखी एक गोष्ट आहे. बऱ्याच युनिटमध्ये डॉक्टरांचा राउंड, आहारतज्ज्ञाचे बोलणे, प्रत्यारोपणाची माहिती, संमतीपत्रावर सही, हे सगळे रुग्ण यंत्रावर असतानाच उरकले जाते, कारण तो तिथे आयता सापडतो. त्यातही पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या तासाला. जे बोलायचे ते सुई टोचण्याआधी, एका वेळी एक, आणि लिहून द्यावे. पहिल्या दोन तासांत पाय चालू द्यावेत. शेवटच्या तासात त्याला झोपू द्यावे.